लिंबूटिंबूला घेऊन लढाई



'लिंबूटिंबू' हा शब्द तुम्हांला ठाऊक आहे का? नसेल तर आजच घरी आई-बाबांना विचारा. पकडापकडी किंवा लपंडाव खेळताना सर्वांत लहान भावंडालाही खेळात घेतात, पण ते पकडले गेले तरी त्याच्यावर राज्य येत नाही. त्याने कोणाला पकडले तरी ते कोणी धरत नाही. असा नावापुरता खेळगडी म्हणजे लिंबूटिंबू. काही घरांत त्याला 'कच्चा लिंबू' म्हणतात.

या अंकात आम्ही व्हिडिओ गेममधल्या लिंबूटिंबूंविषयी लिहिणार आहोत. तलवारी, राक्षस आणि मंत्रतंत्र असलेल्या साहसी खेळांत काही पात्रे इतकी दुबळी असतात की बहुतेक खेळाडू त्यांच्या वाटेला जात नाहीत. तरीही काही जण मुद्दाम तीच घेऊन खेळतात आणि जिंकतातही. हे कसे जमते आणि त्यात गंमत कोणती, ते आपण पाहू. पालकहो, हा लेख तुमच्यासाठीही आहे. मुले पडद्यासमोर बसून करतात तरी काय, याची थोडी कल्पना त्यातून येईल.

पेशा म्हणजे काय?

अशा खेळांना 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. रोल म्हणजे भूमिका. नाटकात आपण भूमिका घेतो तशीच इथेही घ्यायची. आपले पात्र योद्धा आहे, जादूगार आहे, चोर आहे की पुजारी, हे सुरुवातीलाच ठरवायचे. याला 'क्लास' असा शब्द आहे. हा क्लास म्हणजे आपला सुट्टीच्या दिवशीचा मराठीचा क्लास नव्हे! गोंधळ नको म्हणून या लेखात आम्ही 'पेशा' हा शब्द वापरू.

ही कल्पना व्हिडिओ गेमच्या आधीची आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्याला पडदा लागत नाही की बटणे लागत नाहीत. कागद, पेन्सिल, फासे आणि चार-पाच मित्र जमले की झाले. त्यात आरंभी तीनच पेशे होते: लढवय्या, जादूगार आणि पुजारी. १९७५ मध्ये चोराची भर पडली आणि १९७६ मध्ये 'बार्ड'ची. गाणी म्हणून साथीदारांना धीर देणाऱ्या या बार्डला आपण शाहीर म्हणू या. पुढे संगणकावर आणि टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर असे जे खेळ आले, त्यांतल्या पुष्कळांनी हीच पात्रे थोड्याफार फरकाने उचलली.

दुबळा कशावरून?

थोडे गणित करू. या कागदी खेळाची प्रगत नियमांची आवृत्ती १९७८ मध्ये आली. तिच्यात लढवय्याचे 'हिट पॉइंट' ठरवायला दहा बाजूंचा फासा टाकतात आणि जादूगारासाठी चार बाजूंचा. हिट पॉइंट म्हणजे किती मार सोसता येईल त्याचा आकडा. तो शून्यावर आला की पात्र कोसळते.

समजा, दोघांचेही नशीब जोरावर आहे. लढवय्याला १० मिळाले आणि जादूगाराला ४. आता शत्रूने आखूड तलवारीचा वार केला. त्या वाराची इजा सहा बाजूंच्या फाशावर ठरते. १, २ किंवा ३ पडले तर जादूगार वाचला. ४, ५ किंवा ६ पडले तर संपला. म्हणजे उत्तम नशिबाचा जादूगारसुद्धा लागलेल्या एका वारात निम्म्या वेळा कोसळणार! लढवय्या मात्र एका वारात कोसळूच शकत नाही. त्यातून जादूगाराला चिलखत घालायची परवानगी नाही आणि पहिल्या लेव्हलला त्याच्याकडे दिवसाला एकच मंत्र. तो म्हटला की विश्रांती मिळेपर्यंत हात हलवत बसायचे.

मग कोणी जादूगार का व्हावे? कारण सगळेच दुबळे एका प्रकारचे नसतात. आमच्या मते त्यांचे चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार: आज दुबळा, उद्या बलवान. हाच जादूगार पाचव्या लेव्हलला पोहोचला की त्याला आगीच्या गोळ्याचा मंत्र येतो. तेव्हा सहा बाजूंचे पाच फासे एकदम पडतात. त्यांची सरासरी १७.५ येते, आणि ही इजा एकाला नव्हे, तर गोळ्याच्या टप्प्यातल्या सर्वांना होते. तोवर त्याला जगवायचे कोणी? पुढे उभ्या राहणाऱ्या लढवय्याने.

दुसरा प्रकार: लढाईत दुबळा, लढाईबाहेर उपयोगी. चोर कुलपे उघडतो, सापळे शोधतो. व्यापारी वस्तूची पारख करतो.

तिसरा प्रकार: एकटा दुबळा, चौघांत शोभणारा. आपला शाहीर यातला. थोडी तलवार, थोडी जादू, थोडी हातचलाखी. 'एक ना धड भाराभर चिंध्या' असे त्याच्याविषयी कोणीही म्हणेल. पण १९९८ च्या 'बाल्डर्स गेट' या संगणकावरील खेळात सापडलेली जादूची वस्तू नेमकी काय आहे हे ओळखायला शाहीरच फार कामी येतो. देशोदेशीच्या कथा त्याला पाठ असतात ना!

चौथा प्रकार: खरोखरच दुबळा. याविषयी पुढे सांगू.

उनाडाची गोष्ट

आता आमच्या सर्वांत आवडत्या लिंबूटिंबूकडे वळू. १९८८ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट ३' हा खेळ आला. तो विकत घ्यायला इतकी झुंबड उडाली की मुले शाळा बुडवून रांगेत उभी राहिल्याच्या बातम्या आल्या. (हे वाचून कोणी स्फूर्ती घेऊ नये!)

या खेळात एक नायक असतो आणि तो आपल्या गावातील पथिकाश्रमातून तीन साथीदार निवडतो. योद्धा, मल्ल, पुजारी, जादूगार, व्यापारी असे पेशे तिथे मिळतात. शिवाय एक विचित्र पात्र मिळते. त्याला इंग्रजीत 'गूफ-ऑफ' म्हणत. आम्ही त्याला उनाड म्हणतो.

हा उनाड नावाप्रमाणेच वागतो. समोर राक्षस उभा आहे, तुम्ही त्याला 'मार' म्हणून सांगितले आहे, आणि हा आपला विनोद सांगतो, नाहीतर भलताच चाळा करीत बसतो. त्याची पाळी फुकट जाते. बरे, तो नुसता निरुपयोगी असता तरी चालले असते, पण तो वाटाही खातो. लढाई जिंकली की अनुभवाचे गुण जिवंत साथीदारांत सारखे वाटले जातात. समजा, १२० गुण मिळाले. तिघेच असाल तर प्रत्येकी ४०, उनाडासह चौघे असाल तर प्रत्येकी ३०. म्हणजे त्याला सांभाळण्याची किंमत बाकीचे तिघे प्रत्येक लढाईत मोजत असतात.

आता गंमत ऐका. या खेळात एक मंदिर आहे. त्याचे जपानी नाव 'दामा'. ते ऐकताच आपल्याला 'धर्म' हा शब्द आठवतो. विसाव्या लेव्हलला पोहोचलेले पात्र तिथे जाऊन पेशा बदलू शकते. बदलल्यावर लेव्हल पुन्हा १ होते, अंगची ताकद निम्मी होते, पण शिकलेले मंत्र विसरत नाहीत. सर्वांत मानाचा पेशा म्हणजे ऋषीचा, कारण त्याला जादूगाराचे आणि पुजाऱ्याचे असे दोन्हीकडचे मंत्र येतात. ऋषी व्हायला एक दुर्मीळ ग्रंथ लागतो. त्याचे नाव 'सातोरीचा ग्रंथ'. सातोरी हा जपानमधील झेन बौद्ध पंथातला शब्द असून त्याचा अर्थ बोध किंवा साक्षात्कार असा आहे.

योद्ध्याला हा ग्रंथ लागतो. पुजाऱ्याला लागतो. मंत्रात मुरलेल्या जादूगारालाही लागतो. फक्त एकाला लागत नाही. तो म्हणजे उनाड! वीस लेव्हलपर्यंत त्याला कोणी जिवंत ठेवले की तो ग्रंथावाचून ऋषी होतो.

असे का, हे खेळात कोणी समजावून सांगत नाही. आम्हांला यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हा उनाड लिंबूटिंबू असूनही 'धरत नाही' या गटात नाही. चारांतली एक जागा तो अडवतो, त्याला मार लागतो, त्याचा वाटा त्याला मिळतो. तो खेळात पुरता मोजला जातो, आणि म्हणूनच वीस लेव्हल चढू शकतो. बाजूला बसवून ठेवलेल्याला अनुभवाचे गुण मिळत नाहीत.

व्यापाऱ्याचे गाव

त्याच खेळातला व्यापारी हाही कोणाला नको असतो. लढाईनंतर तो थोडे जास्तीचे सोने मिळवून देतो, वस्तूंची पारख करतो, पण समोर मोठा राक्षस आला की त्याचा जोर कमी पडतो. जादू तर त्याला येतच नाही.

पण पुढे एका मोकळ्या माळावर एक म्हातारा भेटतो. त्याला तिथे गाव वसवायचे आहे आणि त्यासाठी व्यापारी हवा आहे. योद्धा नको, जादूगार नको. व्यापाऱ्याला तिथे ठेवावे लागते आणि आपण पुढे निघायचे. पुढे अधूनमधून परत गेलो की दुकान झालेले दिसते, मग घरे होतात, मग मोठे शहर उभे राहते. व्यापारी शेठ होतो, शिरजोर होतो, लोकांना राबवून घेतो. शेवटी लोक बंड करून त्यालाच तुरुंगात टाकतात. तुरुंगातून तो आपल्याला एका पिवळ्या रत्नाचा ठावठिकाणा सांगतो. असे सहा रंगांचे सहा गोळे जमले तरच एक भला मोठा पक्षी जागा होतो आणि आपल्याला पाठीवर घेऊन उडतो. म्हणजे ज्याला कोणी चमूत घेत नाही, त्याच्यावाचून कथा पुढे सरकत नाही.

बहुतेक खेळाडू काय करतात? ऐनवेळी पथिकाश्रमात जाऊन पहिल्या लेव्हलचा एक नवा व्यापारी उचलतात, त्याला त्या माळावर सोडतात आणि विसरून जातात. पण ज्यांनी सुरुवातीपासून व्यापाऱ्याला बरोबर घेतलेले असते, त्यांना त्याला मागे ठेवताना वाईट वाटते, आणि तो तुरुंगात दिसला की जास्तच वाईट वाटते. गोष्ट तीच, पण तिचा अर्थ मात्र बदलतो.

चार पांढरे जादूगार

१९८७ च्या डिसेंबरात जपानमध्ये 'फायनल फँटसी' हा खेळ आला. यात सहा पेशांतून चार पात्रे निवडायची. हवी तशी निवडा, चारही एकाच पेशाची घेतली तरी चालते. हीच मुभा खेळाडूंना चिथावणी देते. 'चार योद्धे' हा सोपा मार्ग, तर 'चार पांढरे जादूगार' ही मोठी परीक्षा.

पांढऱ्या जादूगाराचे काम जखमा भरणे. त्याचा वार फुसका, आणि शत्रूला इजा करणारे त्याचे मंत्र बहुतांशी भुताखेतांवरच चालतात. असे चौघे घेऊन खेळ संपवायचा कसा? इथे डोके चालवावे लागते. काही जादूच्या वस्तू वापरल्या की त्यांतून वीज किंवा आग निघते. वापरणारा कोणत्याही पेशाचा असो, त्या चालतात. योद्धे घेतलेला खेळाडू अशा वस्तूंकडे ढुंकूनही पाहत नाही; पांढऱ्या जादूगारांना त्यांच्यावाचून गत्यंतर नसते. शिवाय वार चुकवण्याचा एक मंत्र आहे. तो स्वतःवर पुन्हा पुन्हा म्हटला की शत्रूचे वार हवेत जाऊ लागतात. लढाई फार लांबते, पण जिंकता येते.

याच खेळात चौथ्या प्रकारचे, म्हणजे खरोखरच्या दुबळेपणाचे उदाहरण आहे. प्रत्येक पात्राला 'बुद्धी'चा एक आकडा असतो. काळ्या जादूगाराची बुद्धी मोठी, म्हणून त्याचे मंत्र जोरदार असावेत अशी योजना होती. पण मूळ आवृत्तीच्या प्रोग्रॅममध्ये चूक राहिली आणि त्या आकड्याचा मंत्रांवर काही परिणामच होईना. त्यामुळे लाल जादूगाराने तोच मंत्र म्हटला तरी इजा तेवढीच. म्हणजे एखादे पात्र मागे पडते तेव्हा दोष दर वेळी त्याचा नसतो. कधी कधी नियम लिहिणाऱ्याच्या हातून चूक झालेली असते.

चोराचेही तसेच. या खेळात तो कुलपे उघडत नाही की काही चोरत नाही. नशीब मोठे म्हणून लढाईतून पळून जायला तो बरा, एवढेच. पण निम्म्या खेळानंतर एका राजसर्पाला उंदराची शेपटी नेऊन दिली की चौघांनाही बढती मिळते आणि चोराचा 'निंजा' होतो. मग जवळजवळ सर्व शस्त्रे त्याला चालतात आणि थोडी काळी जादूही येते.

मुद्दाम दुबळा का घ्यावा?

बलवान पात्र घेतले की एकच बटण दाबून पुढे जाता येते. दुबळे पात्र घेतले की खेळ वाचावा लागतो. कोणता शत्रू कशाला भितो, कोणती लढाई टाळावी, कुठे विश्रांती घ्यावी, पिशवीत काय आहे, हे सगळे पाहावे लागते. 'फायनल फँटसी ५' हा खेळ १९९२ चा. त्यात वीसहून जास्त पेशे आहेत. २००९ पासून त्याचे चाहते दर वर्षी एक उत्सव करतात. कोणते चार पेशे वापरायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे नशिबाने ठरते आणि मिळतील त्यांवरच खेळ पुरा करायचा. त्यानिमित्त धर्मादाय कामासाठी देणग्याही जमवतात. कोणाच्या वाट्याला आपले न ऐकता वाटेल त्या शत्रूवर धावून जाणारा 'बर्सर्कर' येतो. कोणाला औषधे कालवणारा 'केमिस्ट' मिळतो. केमिस्ट दिसायला मवाळ, पण औषधांची मिश्रणे पाठ असतील तर मोठमोठे शत्रू त्याच्यापुढे टिकत नाहीत. हे कळते ते तो गळ्यात पडतो तेव्हाच. एरवी त्याला निवडतो कोण?

मात्र एक फरक विसरू नये. खेळातला दुबळेपणा आपण हौसेने निवडतो. कंटाळा आला की सेव्ह केलेल्या जागी परत जाता येते. खऱ्या आयुष्यात जो मागे असतो त्याने ते निवडलेले नसते आणि त्याला परत जायला सेव्ह केलेली जागा नसते. म्हणून 'बघा, उनाडसुद्धा ऋषी झाला, तूही होशील' असे एखाद्याला सांगून मोकळे होणे बरोबर नाही. उनाड आपोआप ऋषी झाला नाही. तिघांनी वीस लेव्हल आपल्या वाट्यातले गुण त्याला दिले, तेव्हा झाला.

आपल्या मराठीच्या वर्गातही असे होते. नाटक बसवताना ज्याला मराठी कमी येते त्याला झाडाची नाहीतर पहारेकऱ्याची भूमिका देतात. त्याला वाक्य नसते, म्हणून त्याची चूकही होत नाही. तो लिंबूटिंबू होतो. सर्वांना वाटते आपण त्याच्यावर दया केली. पण पुढच्या वर्षीही त्याला मराठी कमीच येते, कारण त्याला अनुभवाचे गुण मिळालेलेच नसतात. आमचे म्हणणे असे की त्याला दोनच वाक्ये द्या, पण अशी द्या की ती म्हटल्यावाचून नाटक पुढे जाणार नाही. व्यापाऱ्याच्या गावासारखी. तो अडखळला तर बाकीच्यांनी थांबावे. प्रयोग पाच मिनिटे लांबेल, एवढेच.

पालकांसाठी दोन शब्द

पालकहो, मूल असा खेळ खेळत असेल तर 'किती वेळ खेळलास?' या प्रश्नाबरोबर 'तुझ्या चमूत कोण कोण आहे आणि का?' हेही विचारून पाहा. उत्तर मराठीत मागा. सरासरी, वाटणी, शक्यता, डावपेच हे सगळे त्या उत्तरात येईल आणि शब्द अडले तर तुम्ही पुरवाल. वेळेची मर्यादा मात्र जरूर घाला. यांतले काही खेळ संपायला तीस-चाळीस तास लागतात आणि दुबळे पात्र घेतले तर त्याहूनही जास्त!

करून पाहा

१. एका लढाईत १८० गुण मिळाले. तिघे असतील तर प्रत्येकी किती? चौघे असतील तर किती? चौथा तुमच्या चमूत कोण असेल ते एका वाक्यात लिहा.

२. जादूगाराचे हिट पॉइंट ३ आहेत. सहा बाजूंच्या फाशावर किती वेळा तो वाचेल?

३. एक नवा दुबळा पेशा तयार करा. त्याला मराठी नाव द्या आणि त्याच्यावाचून अडेल असे एक काम द्या. पाच ओळींत लिहून आणा. चांगली पात्रे पुढच्या अंकात छापू.

आजी-आजोबांना फोन कराल तेव्हा ते लहानपणी कोणत्या खेळात लिंबूटिंबू होते, तेही विचारायला विसरू नका.